सीसीएनएचा अभ्यास कशावरून करायचा? साहित्य निवडण्याची पायरीवार वाट

सीसीएनए (नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सुरुवातीची परीक्षा) करायचं ठरलं की पहिल्या पंधरवड्यात अभ्यास होत नाही, साहित्य जमा होतं. कुणीतरी टेलिग्रामवर भलंमोठं फोल्डर पाठवतं, कॉलेजातला सीनियर एक जाडजूड पुस्तक हातात ठेवतो, यूट्यूबवरच्या चार-पाच मालिका 'नंतर बघू' म्हणून साठवल्या जातात, आणि उद्यमबागेत कामाला असलेला मामेभाऊ म्हणतो, "पुस्तक कशाला वाचत बसतोस, डंप मार की, आठ दिवसांत होतंय." (डंप म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न; त्यांच्याविषयी पुढे.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: नेमकं घ्यायचं काय? माझं उत्तर असं. एक मुख्य पुस्तक किंवा एक व्हिडिओमालिका, प्रयोगासाठी एक साधन आणि एक चांगला प्रश्नसंच. या तिन्ही गोष्टी संपेपर्यंत चौथी घ्यायची नाही. पण या तीन निवडायच्या कशा, याला थोडी चिकित्सा लागते, आणि तीच इथे क्रमाने मांडतो आहे.

पहिली पायरी: परीक्षा कोणती, ते पक्कं करा

नेटवर्किंगच्या सुरुवातीच्या दोन परीक्षा आपल्याकडे ऐकू येतात. सिस्कोची सीसीएनए आणि कॉम्पटियाची नेटवर्क प्लस. नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेली नाही. तिची सध्याची एन१०-००९ ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, आणि उत्तीर्ण व्हायला १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७२० गुण लागतात. सीसीएनएची परीक्षा १२० मिनिटांची, सांकेतिक क्रमांक २००-३०१. तिच्यात सिस्कोच्या राउटर-स्विचवर प्रत्यक्ष काम करता येणं अपेक्षित आहे.

पुणे, बंगळुरू, हुबळी किंवा गोव्यात नेटवर्कची नोकरी शोधायची असेल तर मी सीसीएनए सुचवतो. आपल्याकडच्या जाहिरातींत तेच नाव जास्त दिसतं, आणि तिच्या तयारीत हात चालतो. कॉल सेंटरच्या टेक्निकल सपोर्टमध्ये आहात, सगळ्याची तोंडओळख हवी आहे, तर नेटवर्क प्लस चालेल. पुढचा सगळा लेख सीसीएनए धरून आहे. साहित्य पारखण्याची रीत मात्र दोन्हीकडे तीच.

सीमाभागातल्या मुलांना डोमिसाइल, कोटा, कन्नडची अट, महाराष्ट्रातल्या प्रवेशाला कर्नाटकातले दाखले, या सगळ्याची सवय असते. इथे त्यातलं काही नाही. सीसीएनएला पदवीचीही अट नाही. निपाणीत राहून अर्जुननगरच्या कॉलेजात जाणारा बीएस्सीचा मुलगा आणि टिळकवाडीत राहून अभियांत्रिकी करणारी मुलगी, दोघांसाठी परीक्षा एकच आणि फीही एकच. फी मात्र डोळ्यांत भरणारी आहे: ३०० डॉलर आणि वर कर. रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे जाते. म्हणून साहित्यावर बेहिशेबी खर्च करू नका. पैसे लागणार आहेत ते परीक्षेला.

दुसरी पायरी: विषयांची यादी उतरवून घ्या

बहुतेक जण इथे येतच नाहीत, थेट पुस्तकावर जातात. सिस्कोच्या संकेतस्थळावर २००-३०१ च्या परीक्षाविषयांची यादी फुकट मिळते. दोन-चार पानांची आहे. ती छापून घ्या. कुठलंही साहित्य चांगलं की वाईट, हे या यादीला लावून बघितल्याशिवाय ठरत नाही.

यादीत सहा भाग आहेत. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस म्हणजे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली जाळी), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी), स्पॅनिंग ट्री, वायरलेस हे २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे जाण्याची वाट ठरवणं) २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वं १५ टक्के आणि ऑटोमेशन व प्रोग्रामेबिलिटी १० टक्के. एखाद्या मालिकेत पहिले बारा भाग ओएसआय या नेटवर्कच्या सैद्धांतिक नमुन्याच्या सात थरांवर आणि राउटिंगवर फक्त तीन, असं दिसलं तर ती मालिका कुणासाठी बनवली आहे ते लगेच समजतं.

टक्केवारीपेक्षाही मोलाची आहेत ती प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची क्रियापदं. काही ठिकाणी 'एक्स्प्लेन' किंवा 'डिस्क्राइब' आहे, काही ठिकाणी 'इंटरप्रिट', आणि काही ठिकाणी 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय'. जिथे कॉन्फिगर अँड व्हेरिफाय आहे तिथे वाचून भागत नाही. व्हीलॅन, ट्रंक, लॅकपीचा इथरचॅनल, स्टॅटिक राउटिंग, एकाच एरियातलं ओएसपीएफ व्ही-२ (राउटरांनी वाटा एकमेकांना कळवण्याची पद्धत), नॅट (बाहेर जाताना आतला पत्ता बदलणं), एनटीपी, डीएचसीपी रिले, ॲक्सेस लिस्ट (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याची यादी), पोर्ट सिक्युरिटी, डीएचसीपी स्नूपिंग हे सगळं हातानं करून दाखवायचं आहे. उलट एचएसआरपीसारखे फर्स्ट हॉप रिडंडन्सी प्रोटोकॉल, एसएनएमपी, क्यूओएस यांचं काम समजलं आणि सांगता आलं की पुरे. एखादं पुस्तक एचएसआरपीच्या कॉन्फिगरेशनला वीस पानं देत असेल तर ती पानं सीसीएनए झाल्यावर वाचा.

छापलेल्या यादीच्या समासात प्रत्येक ओळीपुढे तीन चौकटी आखा: वाचलं, करून बघितलं, दुसऱ्याला सांगितलं. पुढचे काही महिने हाच कागद तुमचा मुख्य दस्तऐवज. दर रविवारी रिकाम्या चौकटी मोजल्या की आपण कुठे आहोत ते कळतं. कुठल्याही ॲपच्या 'तुम्ही ६४ टक्के पूर्ण केलंत' या आकड्यावर माझा विश्वास नाही, कारण तो व्हिडिओ किती पुढे सरकला ते मोजतो.

तिसरी पायरी: आवृत्ती तपासा

२४ फेब्रुवारी २०२० रोजी सिस्कोने सगळी रचना बदलली. आधीची २००-१२५ ही परीक्षा आणि सीसीईएनटी (सीसीएनएच्या आधीची पायरी) बंद झाली, २००-३०१ सुरू झाली. मग ऑगस्ट २०२४ पासून त्याच परीक्षेची १.१ आवृत्ती लागू झाली. कॉलेजात हातोहात फिरणारी पुस्तकं बऱ्याचदा २०२० च्या आधीची निघतात. जुन्या पुस्तकाच्या दुकानात तर ढीगच असतो.

मुखपृष्ठावरचा क्रमांक बघाच. पण मुखपृष्ठ फाटलेलं असलं, झेरॉक्स असली किंवा पीडीएफला भलतंच नाव दिलेलं असलं तर शेवटची विषयसूची उघडा. ईआयजीआरपी, आरआयपी किंवा पीपीपी यांच्या कॉन्फिगरेशनला अख्खी प्रकरणं दिली असतील, तर पुस्तक २०२० च्या आधीचं. फ्रेम रिले दिसलं तर त्याहूनही जुनं. उलट वायरलेस लॅन कंट्रोलर, जेसन, रेस्ट एपीआय, अँसिबल हे शब्द असतील तर ते २००-३०१ चं. जनरेटिव्ह एआय, मशिन लर्निंग, टेराफॉर्म असेल आणि पपेट-शेफ नसतील तर १.१ आवृत्तीचं.

जुनं पुस्तक मिळालं म्हणजे टाकूनच द्यायचं, असं मात्र नाही. २०१९ साली २००-३०१ साठी निघालेली पुस्तकं अजून उत्तम चालतात. सबनेटिंग (पत्त्यांच्या पट्ट्याचे तुकडे पाडणं), व्हीलॅन, ओएसपीएफ, ॲक्सेस लिस्ट यांत काही बदललेलं नाही. १.१ मधली भर थोडी आहे: नेटवर्क चालवण्यात एआय आणि मशिन लर्निंगचा वापर, क्लाउडवरून सांभाळली जाणारी नेटवर्क, टेराफॉर्म, रेस्ट एपीआयमधले ओळख पटवण्याचे प्रकार, स्पॅनिंग ट्रीमध्ये रूट गार्ड आणि लूप गार्डसारख्या गोष्टी. एवढं सिस्कोच्या लेखांतून किंवा नव्या व्हिडिओंतून दोन-तीन दिवसांत भरून निघतं. सीनियरकडून २०१९ ची दोन खंडांची जोडी निम्म्या किमतीत मिळत असेल तर बेलाशक घ्या. २००-१२५ चं पुस्तक फुकट मिळालं तरी मुख्य पुस्तक म्हणून घेऊ नका. त्यातलं सबनेटिंग तेवढं वापरा.

परीक्षेचे पैसे भरण्याआधी चालू आवृत्ती कोणती, हे सिस्कोच्या पानावर पुन्हा एकदा बघून घ्या.

चौथी पायरी: मुख्य पुस्तक की मुख्य व्हिडिओ?

दोन्हींपैकी एक मुख्य, दुसरं अडल्यावर. दोन्ही समान वजनाने चालवलीत तर प्रत्येक विषय अर्धा-अर्धा दोन ठिकाणी वाचला जातो आणि पुरा एकाही ठिकाणी होत नाही.

पुस्तकांत सिस्को प्रेसचं ऑफिशियल सर्ट गाइड हा ठरलेला पर्याय. वेंडेल ओडम यांनी लिहिलेले दोन खंड, दुसरी आवृत्ती २०२४ ची. सखोल आहे, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छोटी चाचणी आहे, ज्यावरून प्रकरण पूर्ण वाचायचं की चाळायचं ते ठरवता येतं. पण जाड आहे, आणि इंग्रजी सोपी असली तरी वाक्यं लांब आहेत. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्या मुलाला पहिली शंभर पानं जड जातात. त्यात कमीपणा काही नाही, पण पैसे घालण्याआधी ते कळलेलं बरं.

त्यासाठी एक कसोटी देतो. पुस्तकाची नमुना पानं उघडा, किंवा मित्राचं पुस्तक घ्या. एआरपी (आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता शोधणं) आणि डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर जाण्याचं दार) कसं चालतं ते समजावणारी दोन-तीन पानं वाचा. पुस्तक मिटा. आता शेजारी बसलेल्याला आपल्या भाषेत सांगा: एका संगणकाला दुसऱ्या नेटवर्कमधल्या संगणकाशी बोलायचं असेल तर तो आधी कुणाचा मॅक पत्ता विचारतो, आणि का? "गेटवेचा, कारण समोरचा आपल्या गल्लीतला नाही" एवढं जरी नीट सांगता आलं, तरी पुस्तक तुमच्या आवाक्यातलं आहे. दोनदा वाचूनही जमलं नाही तर व्हिडिओ मुख्य ठेवा आणि पुस्तक संदर्भाला.

व्हिडिओंत जेरेमीज आयटी लॅब ही यूट्यूबवरची पूर्ण सीसीएनए मालिका फुकट आहे. सोबत पॅकेट ट्रेसर (सिस्कोचं, संगणकावर नेटवर्कचं अनुकरण करणारं साधन) वापरून करायचे प्रयोग आणि अँकी या ॲपची फ्लॅशकार्डंही मिळतात. इंग्रजी संथ आणि स्वच्छ आहे. हिंदीत आणि कन्नडमध्येही शिकवणारे आहेत, मराठीत तुलनेनं कमी. इथली मुलं घरी मराठी, शाळेत आणि सरकारी कचेरीत कन्नड, सिनेमात हिंदी, कॉलेजात इंग्रजी अशी चार भाषांत वावरतात, याचा फायदा घ्या. संकल्पना अडली तर हवी त्या भाषेतला व्हिडिओ बघा. पण कमांड, प्रश्नसंच आणि नोंदी इंग्रजीतच ठेवा. सीसीएनए इंग्रजीत आणि जपानीत होते, म्हणजे आपल्यासाठी इंग्रजीतच. 'विच टू स्टेटमेंट्स आर ट्रू' वाचताना त्यातला 'टू' नजरेतून सुटणं हे सबनेटिंग चुकण्याइतकंच महागात पडतं, आणि ती सवय इंग्रजी प्रश्न सोडवूनच लागते.

मालिका निवडताना तीन गोष्टी बघा. सोबत प्रयोगाच्या फाइली आहेत का? शिकवणारा टर्मिनलवर स्वतः टाइप करतो की नुसत्या स्लाइड वाचतो? आणि काहीतरी बिघडवून दुरुस्त करून दाखवतो का? तिसरं 'हो' असेल तर बाकीचं थोडं कमी असलं तरी चालवून घ्या.

पदवीचं कॉम्प्युटर नेटवर्क्सचं पाठ्यपुस्तक आणि एनपीटीइएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं यांच्याविषयी वारंवार विचारलं जातं. व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रविद्यापीठाच्या) परीक्षेसाठी ती वाचलेलीच असतात. टीसीपीची खिडकी का लहान-मोठी होते, राउटिंगचं गणित काय, हे 'का' त्यांत फार चांगलं आहे. राउटिंग टेबल दाखवणाऱ्या 'शो आयपी राउट' या कमांडच्या उत्तरात दिसणारा '[११०/२]' काय सांगतो, हे त्यांत मिळणार नाही. सीसीएनएचा मुख्य आधार म्हणून ती घेऊ नका, पण टाकूही नका. मुलाखतीत नेमका 'का'च विचारतात.

आणि एक पारख, जी मी कुठल्याही साहित्याला लावतो. ओएसपीएफचं प्रकरण उघडा आणि बघा: दोन राउटर शेजारी का होत नाहीत, याची कारणं दिली आहेत का? एरिया वेगळा, हॅलो-डेड टायमर वेगळे, सबनेट मास्क जुळत नाही, राउटर आयडी सारखाच, इंटरफेस पॅसिव्ह ठेवलेला, एमटीयूत फरक. ही यादी आणि प्रत्येक कारण कोणत्या 'शो' कमांडने पकडायचं हे असेल, तर लिहिणाऱ्याने खरंच काम केलेलं आहे. नुसत्या तीन कमांड देऊन 'आता ओएसपीएफ चालू झालं' असं म्हणणारं साहित्य बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: प्रयोगाचं साधन

सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि सुदैवाने खर्च सगळ्यात कमी इथेच आहे.

सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर खातं काढायचं आणि उतरवून घ्यायचं. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. सगळं अनुकरण तुमच्याच यंत्रावर चालतं, त्यामुळे प्रयोग करायला इंटरनेटचा वेग लागत नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे मोबाइलची रेंज आणि हेस्कॉमची वीज दोन्ही बेभरवशाची, तेव्हा ही बाब छोटी नाही. व्हिडिओ शहरात वायफायवर असताना उतरवून ठेवायचे, प्रयोग लॅपटॉपच्या बॅटरीवर करायचे. मोबाइलवर मात्र फक्त व्हिडिओ. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये वेळ मागून घ्या, किंवा फीनंतरचा पहिला खर्च जुन्या लॅपटॉपवर करा.

दोन सूचना. पॅकेट ट्रेसरच्या नव्या आवृत्तीत बनवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून आधी नवी आवृत्ती घ्या आणि मगच फाइली गोळा करा. आणि त्यात खऱ्या उपकरणावरच्या सगळ्या कमांड नाहीत. 'इनव्हॅलिड इनपुट' आलं म्हणजे दर वेळी तुमचीच चूक असते असं नाही; पुस्तकात एकदा ताडून पुढे जा.

जीएनएस-३ आणि ईव्ह-एनजी ही जास्त ताकदीची साधनं. त्यांना सिस्कोची सॉफ्टवेअर इमेज लागते, ती परवान्याची असते, आणि रॅमही भरपूर लागते. सीसीएनएसाठी गरज नाही. भंगारातून जुना २९६० स्विच मिळाला तर हौस म्हणून घ्या. कन्सोल केबल एकदा खऱ्या उपकरणाला लावून बघणं चांगलंच, पण त्याचा पंखा रात्री घरात कुणाला झोपू देत नाही, हेही लक्षात असू द्या.

तयार प्रयोग करा, पण त्यांवर थांबू नका. स्वतः एक जाळं उभारा. समजा, एका सौहार्द सहकारी संस्थेचं मुख्य कार्यालय बेळगावात आहे आणि शाखा खानापूर व निपाणीला. मुख्य कार्यालयाला १९२.१६८.१०.०/२४ हा पट्टा मिळाला आहे. काउंटरवर पन्नास यंत्रं, पंचवीस सीसीटीव्ही कॅमेरे, व्यवस्थापकांच्या खोल्यांत बारा यंत्रं, आणि शाखेला जोडणारी एक लिंक. मोठ्या गटापासून सुरुवात करायची. काउंटरला /२६ म्हणजे ६२ वापरता येणारे पत्ते, ० ते ६३ चा तुकडा. कॅमेऱ्यांना /२७, तीस पत्ते, ६४ ते ९५. व्यवस्थापकांना /२८, चौदा पत्ते, ९६ ते १११. लिंकला /३०, दोन पत्ते, ११२ ते ११५. हा हिशेब कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय, एका मिनिटात व्हायला लागेपर्यंत आकडे बदलून करत राहा. कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो.

मग तीन व्हीलॅन करा, ट्रंक टाका, राउटरवर सबइंटरफेस द्या, शाखांशी ओएसपीएफ लावा, बाहेर जाण्यासाठी नॅट, आणि कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून काउंटरकडे काही जाऊ नये म्हणून ॲक्सेस लिस्ट. इतकं एकदा उभं राहिलं की यादीतल्या कितीतरी चौकटी एकाच फाइलीत भरतात.

यापुढचा भाग एकट्याने होत नाही. फाइल मित्राला द्या आणि सांगा, "यात तीन ठिकाणी घाण कर, मला सांगू नको." तो ट्रंकवरून एक व्हीलॅन काढेल, कुठेतरी मास्क बदलेल, एखादा इंटरफेस बंद करेल. तुम्ही 'शो व्हीलॅन ब्रीफ', 'शो इंटरफेसेस ट्रंक', 'शो आयपी ओएसपीएफ नेबर', 'शो आयपी राउट' एवढ्यावर शोधायचं. 'शो रनिंग कॉन्फिग' बघायला बंदी. अशा चार-पाच फाइली एकमेकांना दिल्या-घेतल्या की शिकण्याचा वेग वाढतो. गावात एकटेच अभ्यास करत असाल तर फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवा, आकार नगण्य असतो.

सहावी पायरी: प्रश्नसंच, आणि डंपचा विषय

डंप म्हणजे परीक्षेतले प्रश्न चोरून बनवलेली यादी. ओळखणं सोपं आहे. 'खरे परीक्षाप्रश्न', 'शंभर टक्के पास' अशी जाहिरात, पीडीएफ फाइल, उत्तर ठळक केलेलं आणि स्पष्टीकरण शून्य. बरीच उत्तरं चुकीचीही असतात, कारण ती कुणी तपासलेलीच नसतात. परीक्षेआधी तुम्ही सिस्कोच्या गोपनीयतेच्या करारावर संमती देता. डंप वापरल्याचं आढळलं तर सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते आणि पुढच्या परीक्षांना बंदीही घालू शकते. त्याहून रोकडा तोटा मुलाखतीत होतो. प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला ट्रंक आणि ॲक्सेस पोर्टमधला फरक फळ्यावर काढून दाखवता आला नाही की समोरच्याला कळायला पाच मिनिटं पुरतात. मामेभावाला हे सांगून फारसा उपयोग होत नाही, पण तुम्ही पंचवीस हजार भरणार आहात, तो नाही.

चांगल्या प्रश्नसंचाची खूण म्हणजे स्पष्टीकरण. बरोबर पर्याय का बरोबर, आणि उरलेले तीन का चूक, हे प्रत्येकाखाली असायला हवं. विकतच्या संचांत बोसनचा एक्सिम त्यासाठी प्रसिद्ध आहे. ऑफिशियल सर्ट गाइडसोबतही सरावचाचण्यांचा हक्क मिळतो, पण तो पुस्तकातल्या संकेतांकावर असतो. जुनं पुस्तक घेताना हा संकेतांक बहुधा आधीच वापरलेला असतो, म्हणून किंमत ठरवताना तो धरू नका.

प्रश्नसंच सुरुवातीला उघडू नका. यादीतल्या निदान तीन चतुर्थांश चौकटी भरल्यावर पहिली पूर्ण चाचणी, घड्याळ लावून, एका बैठकीत. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत यायचं नाही, कारण सीसीएनएत परत जाता येत नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न यादीतल्या कुठल्या ओळीचा, ते लिहा, आणि त्या ओळीवर पुस्तकात व प्रयोगात परत जा. तोच संच पुन्हा सोडवून ९५ टक्के आले तर ते तुमच्या स्मरणशक्तीचे गुण आहेत. खऱ्या परीक्षेत निवडीच्या प्रश्नांबरोबर ओढून जुळवायचे आणि प्रत्यक्ष कमांड टाकायचे प्रश्नही असतात, त्यामुळे फक्त निवडीचे प्रश्न देणारा संच अपुराच पडतो.

'अमुक गुणांना पास' असा आकडा ठामपणे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सिस्को सीसीएनएचा उत्तीर्ण गुणांक जाहीर करत नाही.

पाठांतराच्या गोष्टी थोड्या आहेत, त्यांना फ्लॅशकार्डं: पोर्ट क्रमांक (एसएसएच २२, डीएनएस ५३, डीएचसीपी ६७ आणि ६८, टीएफटीपी ६९, एनटीपी १२३, सिसलॉग ५१४), ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे वाट कुठून कळली यावर राउटर किती विश्वास ठेवतो तो आकडा (थेट जोडलेलं ०, स्टॅटिक १, ओएसपीएफ ११०), सिसलॉगच्या ० ते ७ पातळ्या. ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन गेलं, पण राउटिंग टेबल वाचताना त्याचा ९० हा आकडा माहीत असलेला बरा. कार्डं स्वतः लिहा. खानापूर-बेळगाव बसमध्ये उभ्यानं होणारा अभ्यास हा एवढाच.

क्लास लावायचा असेल तर

काहींना बाहेरची शिस्त लागते, त्यांनी जरूर लावावा. पैसे देण्याआधी एक तास नुसतं बसू द्या म्हणून सांगा, आणि तिथल्या मुलांना विचारा: आठवड्यात किती वेळ तुमच्या हातात कीबोर्ड असतो? शिकवणाऱ्यांना विचारा: विषयांची १.१ ची यादी दाखवाल का? फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर आहे असं म्हणत असतील तर त्याची मुदत आणि नापास झाल्यास काय, हे लेखी घ्या. 'पास गॅरंटी' असेल तर उठून या. ती गॅरंटी बहुतेक वेळा डंपवरच उभी असते. पुण्या-बंगळुरूला राहून क्लास करण्याचा खर्च फक्त फीचा नसतो. खोलीचं भाडं आणि मेस धरून हिशेब केला तर घरी बसून दोनदा परीक्षा देता येते.

नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास देणाऱ्याला पाच-सहा महिने धरा. कॉलेजातला मुलगा सुट्टीत कमी वेळात करू शकतो. तारीख आधी घेऊन ठेवली की अभ्यास होतो असं म्हणतात. मला ते फक्त शेवटच्या दीड महिन्यापुरतं पटतं.

नोंदणी पिअर्सन व्ह्यूकडे होते. जवळचं केंद्र कोणतं, हे त्यांच्या संकेतस्थळावर बेळगावबरोबरच हुबळी, कोल्हापूर आणि गोवाही टाकून बघा. घरून, कॅमेऱ्यासमोरही परीक्षा देता येते. पण वीज आणि इंटरनेट दोन्ही खात्रीचं असेल आणि दार लावून एकट्याने बसता येईल अशी खोली असेल, तरच. एकत्र कुटुंबात दोन तास कुणी आत डोकावणार नाही याची हमी देणं अवघड असतं. ओळखपत्रावरचं नाव आणि सिस्कोच्या खात्यावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी, असा घोळ सर्रास असतो. पासपोर्ट असेल तर खातं काढतानाच त्यावरचं नाव जसंच्या तसं टाका.

नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण. त्या वेळी नवं पुस्तक घेण्याचा मोह होतो. निकालपत्रावर भागवार टक्केवारी येते. तिच्यातले सगळ्यात कमी दोन भाग घ्या, त्याच जुन्या पुस्तकात आणि त्याच फाइलीत परत जा. पास झालात तर प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, आणि नूतनीकरण वरच्या पातळीच्या एखाद्या परीक्षेने किंवा ३० शिक्षण-क्रेडिटने होतं. पुढे ३५०-४०१ (वरच्या पातळीची, सीसीएनपीची परीक्षा) करायचा विचार असेल तर पॅकेट ट्रेसरच्या फाइली आणि खुणा केलेली यादी जपून ठेवा. पुस्तकाची जोडी मात्र पुढची आवृत्ती येण्याआधी ज्युनियरला विकून टाका.